रिवाइंड : टेप कुठं झिजली?

मागच्या अंकात मी विचारलं होतं, मित्रमैत्रिणी जमल्या की आवडता सिनेमा, गाणं, पुस्तक यावर तुमच्यात काय बोलणं होतं? टपालानं, व्हॉट्सअॅपवर बरीच पत्रं आली. सोलापुरातली पाच घेतली आहेत. नावं छापू नका असं सगळ्यांनीच लिहिलंय, यावरूनच आवड हा किती नाजूक विषय आहे ते बघा.

प्रश्न : मी २९ वर्षांचा. विजापूर रोडला राहतो, युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगचं काम बघतो. आम्ही पाच मित्र रविवारी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेला बसतो. मागच्या महिन्यात ठरलं की प्रत्येकानं आपला सगळ्यात आवडता सिनेमा, पुस्तक, कविता, जे असेल ते सांगायचं. बाकीच्यांनी मोठमोठी नावं घेतली. एकानं तर इराणी सिनेमा सांगितला. माझी पाळी आली तेव्हा मी खरं तेच बोललो, ‘कॉन्ट्रा’. लहानपणचा व्हिडिओ गेम. सगळे इतके हसले की चहावालाही हसला. तेव्हापासून माझं नाव ‘तीस जीव’ पडलंय. चारचौघांत सांगण्यासारखं काहीतरी वाचायला-बघायला घ्यावं काय?

उत्तर : तुला ‘तू’च म्हणतो, माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे. चहावाल्याला आधी माफ कर. गिऱ्हाईक हसलं की त्यानं हसायचं, धंदाच तसा.

नव्या वाचकांसाठी सांगतो, १९८६ ते २००४ मी नवी पेठेच्या मागं एका बोळात व्हिडिओ लायब्ररी चालवली. आठ बाय दहाचं दुकान, वर पोटमाळा. कॅसेटचं भाडं दिवसाला दहा रुपये, रिवाइंड न करता आणली तर दोन रुपये दंड. गणपतीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभरासाठी मंडळांना जायचे, आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत सगळं गाव होम मैदानावर असल्यामुळं मी दुकानात माश्या मारत बसायचो. कोण काय नेतो ते एका लांबड्या वहीत लिहायचो. त्या वहीनं मला एक शिकवलं. माणूस आवडतं म्हणून जे सांगतो आणि संध्याकाळी पिशवीत घालून जे नेतो, त्यांची गाठ क्वचित पडते. एक प्राध्यापक होते (कॉलेज विचारू नकोस). काउंटरवर कोपर टेकून बंगाली सिनेमावर असं बोलायचे की रांगेतली माणसं घाई विसरायची. आणि जाताना ‘पोरांसाठी’ म्हणून मारधाडीची कॅसेट न्यायचे. पोरं पुण्याला होस्टेलवर होती.

मी तरी कुठं धुतल्या तांदळासारखा? तरुणपणी आमच्याही कट्ट्यावर एका परदेशी सिनेमाचं फार कौतुक चाललं होतं. मीही बघितला होता, म्हणजे खुर्चीत होतो, पण मध्यंतराच्या आधीच मला झोप लागली. मित्रानं विचारलं, शेवट कसा वाटला? मी म्हटलं, ‘खोल.’ तो म्हणाला, ‘हो ना!’ पुढं दहा-बारा वर्षांनी कळलं की तोही झोपला होता. म्हणजे दोघं झोपलेले एका सिनेमावर तासभर बोललो होतो, आणि ती चर्चा चांगली झाली असं आम्हाला वाटत होतं.

पण वहीसुद्धा पुरतं खरं सांगत नाही. खरं सांगायची ती टेप. व्हीसीआरवर पॉज दाबलं की टेप थांबते, आतला ड्रम मात्र थांबत नाही. तो मिनिटाला १५०० फेऱ्या मारत टेपच्या त्याच तुकड्यावर घासत राहतो. म्हणून तर बऱ्याच व्हीसीआरमध्ये काही मिनिटांनी पॉज आपोआप सुटायची सोय असायची. लोक जिथं थांबतात, जिथनं मागं नेऊन परत परत बघतात, तिथं टेप झिजते आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा येतात. परत आलेली कॅसेट मी तपासायला लावली की कळायचं, या घरात कुठली जागा आवडली. एका रडारडीच्या घरगुती सिनेमाच्या मी एकामागं एक चार कॅसेट आणल्या. चारही एकाच ठिकाणी झिजल्या. मला वाटलं नाच असेल. लावून बघितलं तर माहेरी आलेली मुलगी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या आईच्या ताटातला घास उचलून खाते, एवढंच. एक शब्द नाही. गावातल्या बायकांनी दुपारच्या वेळी ती जागा घासून घासून पांढरी करून टाकली होती. तो सिनेमा आवडता म्हणून त्यांतल्या एकीनंही कधी सांगितला नसता. ‘वेळ घालवायला नेला हो’ असंच म्हणाल्या असत्या.

आता तुझा कॉन्ट्रा. ९५च्या सुमारास मी पोटमाळ्यावर दोन टीव्ही गेम लावले, अर्ध्या तासाला पाच रुपये. सोलापूरचा मे महिना, डोक्यावर पत्रा, एक टेबलफॅन आणि त्याच्यासमोर बसण्यावरून भांडणं. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. (फुंकरीनं काही होत नव्हतं. काढून परत बसवल्यामुळं टोकं नीट जुळायची, उलट थुंकीनं ती गंजायची. पण हे तेव्हा त्या पोरांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.)

तुझे ते तीस जीव कुठनं आले माहीत आहे काय? वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए, अशी बटणं ओळीनं दाबायची. जपानच्या कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचा माणूस १९८६ साली ‘ग्रेडियस’ नावाचा गेम घरच्या टीव्हीवर चालेल असा करत होता. तपासायचा म्हणजे पुन्हा पुन्हा खेळायचा, आणि गेम इतका अवघड की त्याला स्वतःलाच जमेना. म्हणून त्यानं आपल्यापुरती ही किल्ली करून ठेवली. ती तशीच आत राहून गिऱ्हाइकापर्यंत गेली. मग कंपनीच्या दुसऱ्या गेममध्येही घातली गेली, आणि १९८८ साली कॉन्ट्रात आली तेव्हा तीस जीव द्यायला लागली. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारला. करणाऱ्यालाच स्वतःचा गेम जमला नाही आणि त्यानं ते लपवलंही नाही, हे तुझ्या इराणी सिनेमावाल्याला जरूर सांग.

आणि खरी गोष्ट धबधब्याच्या लेव्हलची. ती तुला तोंडपाठ असणार, बाकीच्या वाचकांसाठी लिहितो. दोघं मिळून खेळतात. धबधब्याच्या कडेनं खडकांवर उड्या मारत वर चढायचं असतं. एक जण भराभर वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो, आणि खाली राहिलेला दुसरा पडद्याच्या काठाला लागून मरतो. शत्रू मारत नाही, सोबत्याची घाई मारते. आमच्या पोटमाळ्यावर दिवसभर एकच आरोळी, ‘थांब की बे!’ शिवाय तुझे जीव संपले तर सोबत्याच्या शिल्लक जिवांतला एक मागून घेता येतो. आता मला सांग, कुणाला वर जाण्याची घाई, कोण थांबतो, कोण आपला जीव देतो, कोण तोंड फिरवतो, हे एवढ्या उघडपणे कुठल्या कादंबरीत दिसतं?

साखर पेठेतली दोन पोरं यायची, एक चपळ, दुसरा जाड भिंगाचा. चपळ्यानं त्याला धबधब्यात किती वेळा मारलं असेल, मोजदाद नाही. एका दुपारी मी वर पाणी द्यायला गेलो तर चपळ्या एका खडकावर नुसता उभा. वरनं गोळे पडतायत, समोरनं गोळ्या येतायत, हा हलत नाही. भिंगवाला दोनदा चुकला, तिसऱ्यांदा वर आला. तेवढ्यात चपळ्याचाच जीव गेला. शेवटचा होता. भिंगवाल्यानं विचारलंसुद्धा नाही, मान हलवून म्हणाला, ‘घे बे माझ्यातला.’ तीस वर्षं झाली. अठरा वर्षांत मी हजारो सिनेमे भाड्यानं दिले, त्यातले कितीक विसरलो. त्या दोघांच्या पाठी मात्र मला अजून दिसतात, घामानं चिकटलेल्या बनियनसकट.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं २०१२ साली चौदा व्हिडिओ गेम संग्रहात घेतले, त्यांत पॅकमॅन आणि टेट्रिस होते. वाद घालायचाच असेल तर हे वापर. पण वाद घालू नकोस. संग्रहालयानं घेतलं म्हणून तुझे मित्र मान्य करतील आणि पुढच्या रविवारी विसरतील. त्यापेक्षा त्यांना विचार, धबधब्यात तू कुणासाठी थांबला असतास? आणि इराणी सिनेमावाल्याला विचार, त्यातली कुठली जागा? नाव घेतलं की बोलणं संपतं. जागा विचारली की सुरू होतं. त्याला जागा सांगता आली तर तो सिनेमा जरूर बघ. नुसताच ‘खोल’ म्हणाला, तर समजून घे, आणि हसू नकोस.

सगळेच गेम थोर, असं मात्र मी म्हणत नाही. दर दहा मिनिटांनी पैसे मागणारे मोबाइलवरचे गेम मला गेम वाटत नाहीत, गल्ला वाटतो.

प्रश्न : आम्ही चौघी शिक्षिका एकमेकींत पुस्तकं फिरवतो. त्यातली एक पुस्तक चार-चार महिने परत देत नाही, आणि देते तेव्हा पानांचे कान दुमडलेले असतात. मैत्री तर तोडायची नाही. काय करू?

उत्तर : ताई, माझ्या कपाटात आजही रिकाम्या खोक्यांचा एक खण आहे, आतल्या कॅसेट सोलापुरात कुणाकुणाच्या माळ्यावर आहेत देव जाणे. म्हणून पहिला उपाय धंद्यातला, वही घाला. कुणी नेलं, कधी नेलं. मैत्रिणीच्या सहीसकट. वहीचा राग येत नाही, माणसानं मागितल्याचा येतो.

दुमडलेल्या पानांचं मात्र मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही. पुढच्या वेळी पुस्तक परत आलं की ते कान सरळ करण्याआधी पान वाचा. ती नेमकी कुठं थांबली? झोप आली म्हणून थांबली, की पुढं वाचवेना म्हणून? विचारा तिला. मला वाटतं तुमच्या चौघींतली तीच एकटी पुस्तक सावकाश वाचते. चार महिने जास्तच झाले, ते कबूल.

प्रश्न : आमच्या गटात दर महिन्याला एक सिनेमा एकत्र बघायचा ठरलंय. सर्वोत्तम दहा सिनेमांची यादी द्याल का?

उत्तर : नाही. दहा नावं दिली की अकराव्यावरून पत्रं येतात.

एक देतो, सुरुवातीला. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, तुम्ही शंभरदा त्याच्यावरून गेला असाल. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात हे होते. बाकीचे परत आले, हे राहिले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, वय अवघं ३२. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बासांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतःच केली. आधी स्मारकात जा, भिंतीवरचे फोटो बघा, मग सिनेमा लावा. फोटोतला माणूस आणि पडद्यावरचा यांत काय फरक वाटला, यावर तुमचा महिना सहज जाईल. सिनेमा संपल्यावर पाच मिनिटं कुणी मोबाइल काढायचा नाही, एवढा एकच नियम ठेवा.

प्रश्न : आमच्या भिशीत आता खाणं झाल्यावर प्रत्येकीनं आवडती कविता म्हणायची असं ठरलंय. मला एकही कविता येत नाही. शाळेत होत्या तेवढ्या पाठ केल्या आणि विसरले. भिशी सोडावी म्हणते.

उत्तर : भिशी सोडू नका, पैसे अडकतील.

भाऊबीजेला ओवाळताना घरात कुठलं गाणं लागतं? ‘सोनियाच्या ताटी’. १९५५ च्या ‘भाऊबीज’ सिनेमातलं, आशाबाईंनी गायलेलं. ते लिहिलंय कवी संजीव यांनी, म्हणजे कृष्ण गंगाधर दीक्षित, आपल्या सोलापूरचे. तुम्ही ते गाणं ताट हातात घेऊन किती वर्षं गुणगुणत असाल, आणि मला लिहिता की एकही कविता येत नाही. भिशीत चाल लावू नका, नुसते शब्द म्हणा, सावकाश. चाल काढून घेतली की शब्द ओळखीच्या माणसासारखे एकदम वेगळे दिसतात, चष्मा काढल्यावर दिसतात तसे. आणि कुणी म्हणालं की हे तर सिनेमाचं गाणं, तर त्या बाईंना भाऊबीजेला काय म्हणता ते विचारा.

प्रश्न : मी २४ वर्षांची, अशोक चौकाजवळ राहते. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू बोलतो. माझ्या मैत्रिणी सगळ्या मराठी. त्यांच्यात सिनेमा-गाण्यांचा विषय निघाला की मी त्यांच्याच आवडीची नावं सांगते. पण मला मनापासून आवडतो तो नानम्माबरोबर, म्हणजे आजीबरोबर बघितलेला ‘मायाबझार’. ती विड्या वळत बसते आणि मी मोबाइलवर लावून देते. मैत्रिणींना तेलुगू येत नाही आणि सिनेमा १९५७ चा, काळा-पांढरा. सांगून काय उपयोग?

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

तुमच्या पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू वस्तीतली गिऱ्हाइकं माझ्याकडं खूप. यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी सातला दुकानाच्या शटरसमोर उभी राहायची. हैदराबादहून येणाऱ्या कॅसेटचा मी एक वेगळा खण केला होता. मला भाषा येत नव्हती, म्हणून चित्रावरून ओळखायचो. तुझा मायाबझार त्यातलाच. के. व्ही. रेड्डींचा. एन. टी. रामाराव कृष्ण, एस. व्ही. रंगाराव घटोत्कच, सावित्री शशिरेखा, संगीत घंटसालांचं. त्या कॅसेटवरही एक जागा झिजलेली होती, पण ती मी सांगणार नाही, का ते पुढं कळेल.

उपयोग काय म्हणतेस? मैत्रिणींना एवढंच सांग की ही शशिरेखा म्हणजे तुमची वत्सला. बलरामाची मुलगी, अभिमन्यूवर जीव असलेली, घरच्यांनी दुर्योधनाच्या मुलाशी लग्न ठरवलेली. मराठीत वत्सलाहरण म्हणून हीच गोष्ट आज्या सांगत आल्या. व्यासांच्या महाभारतात ही मुलगी नाहीच, लोकांनी ती घातली. तेलुगू लोकांनी तिला एक नाव दिलं, मराठी लोकांनी दुसरं. गोष्ट माहीत असली की भाषा निम्मी कळते. घटोत्कच तिचं रूप घेऊन लग्नघरात येतो, तेव्हा सावित्रीची मिशीवरून हात फिरवायची सवय आणि खांदे उडवत चालणं कळायला तर कुठलीच भाषा लागत नाही. आणि लग्नाचं जेवण एकटाच फस्त करणारा रंगाराव बघून न हसलेला माणूस मला भेटायचाय. २०१० साली रंग भरून तो परत लागला होता, पण तू मैत्रिणींना काळा-पांढराच दाखव.

तिघी-चौघींना एखाद्या रविवारी दुपारी घरीच बोलव. मोबाइल नको, टीव्हीला जोड. सबटायटल असतील तर बंद कर, नानम्माला मधेमधे सांगायला लाव, तिच्या मोडक्या मराठीत, जसं येईल तसं. ती ‘मला कुठं येतं’ म्हणून लाजेल. पण सूप मांडीवर घेऊन बसली, हातात पान आणि कात्री आली, की तोंड आपोआप सुरू होईल. विड्या वळणाऱ्या बायकांचं तसंच असतं, हाताला काम असलं की जीभ मोकळी. दिवसाचा आकडा पुरा करायचा असतो, म्हणून सिनेमा कितीही रंगला तरी हात काही थांबत नाहीत. पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा, पान, तंबाखू.

पण एका ठिकाणी थांबतील. पडद्याकडं बघू नकोस, तिच्या हातांकडं बघ. कुठल्या प्रसंगाला थांबले ते मला लिही. माझ्या कॅसेटवर जिथं झिजलं होतं तीच ती जागा आहे का, ते मला जुळवून बघायचंय.